अंगात कोट घाला

माणगावला चित्रकला शिक्षक म्हणून लागलो तेव्हा पगाराला जोड म्हणून मी संध्याकाळी माणसं 'मोठी' करून देत असे. घरातलं म्हातारं माणूस गेलं की लोक त्याचा एखादा नखाएवढा फोटो घेऊन यायचे. कधी गिरणीच्या पासवरचा, कधी कुणाच्या लग्नातल्या घोळक्यातला. फोटोवर बारीक चौकोन आखायचे, मोठ्या कागदावर तेवढेच मोठे चौकोन आखायचे आणि काळ्या पावडरीने, कापसाच्या बोळ्याने, शेवटी टोक केलेल्या कॉन्टेने चेहरा उतरवायचा. पैसे ठरले की गिऱ्हाईक निघताना दारात वळून एक वाक्य हमखास बोलायचं, "गुरुजी, अंगात कोट घाला." जन्मभर बंडी घालून भाताच्या खाचरात वावरलेल्या माणसाला मग मी कोट घालायचो. पांढरा सदरा, काळा कोट, डोक्याला टोपी. कोट सगळ्यांना एकच होता, माझ्या मामांच्या लग्नातल्या फोटोवरून उचललेला. तालुक्यात निदान तीसएक घरांच्या भिंतीवर माझ्या मामांचा कोट आजही आहे.

पुढच्या पानांत युरोपातल्या चित्रकारांनी आपल्या बाजूच्या समुद्रावरच्या माणसांची केलेली चित्रं एकत्र केली आहेत. त्यांची प्रस्तावना लिही, असं मित्रांनी सांगितलं तेव्हा मला आधी तो कोट आठवला. याला कारण आहे संग्रहातलं पहिलंच चित्र. ते पीटर पॉल रुबेन्सचं. काळ साधारण १६१७, गाव अँटवर्प. उंची ३८.४ सेंटिमीटर, रुंदी २३.५ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या शाळेच्या ड्रॉइंग पेपरच्या जवळपास. या चित्रातल्या माणसाला गेल्या अडीचशे वर्षांत तीन देशांचं नागरिकत्व मिळालं आणि तिन्ही वेळा त्याला कुणी विचारलं नाही.

आधी चित्र नीट बघू. उभा पुरुष, डोक्यापासून पायांपर्यंत. अंगावर घोळदार लांब अंगरखा, कमरेखाली चुण्या पडलेल्या. डोक्यावर उंच टोपी, इतकी झिरझिरीत की आतला केसांचा बुचडा दिसतो. सगळं काळ्या खडूने काढलेलं. फक्त चेहऱ्यावर तांबड्या खडूचा हात फिरला आहे, ओठांवर, गालांवर, नाकाच्या शेंड्यापाशी. तो तांबडा खडू म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, गेरूच. आपल्याकडे तुळशीवृंदावनाला लावतात तो. अंगरख्यावर रुबेन्सने भराभर हात चालवला आहे, चुणी दाखवायला एक जाड रेघ, सावलीला चार तिरप्या. चेहऱ्यापाशी आल्यावर मात्र त्याचा हात मंदावला. डोळ्यांच्या कडा, पापणीवरची घडी, वरच्या ओठावरची विरळ मिशी, कुठेही घाई नाही. मागे डाव्या बाजूला दिसेल न दिसेल असं एक जहाज आहे. नवख्या नजरेला ते दिसतच नाही. छापील प्रतीत तर हमखास उडतं. म्हणून वाचकांनी ते भिंग घेऊन शोधावं.

एलिमेंटरी ग्रेड परीक्षेच्या वर्गाला एकदा मी या चित्राची प्रत दाखवली. मुलांना खडूकाम कळावं एवढाच हेतू. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ह्याचे हात कुठायत?" तिचं बरोबर होतं. हात बाह्यांच्या आत गेले आहेत, बाह्या एकमेकींत अडकवल्या आहेत. आमच्याकडे मुलांना हात काढायला नको असतात तेव्हा ती असंच करतात, पाठीमागे नाहीतर खिशात घालतात. इथे तसं नाही. पूर्वेकडे आदराने उभं राहायची ती रीतच होती आणि रुबेन्सने ती पाहून घेतली होती. पण त्या मुलीने प्रश्न विचारेपर्यंत मी ते चित्र दहा वर्षं बघत होतो आणि हातांचा विचार माझ्या मनात आला नव्हता.

आता नावांचं. १७७४ साली कॅप्टन विल्यम बेली नावाच्या आयरिश गृहस्थाने या चित्रावरून तांब्याच्या पत्र्यावर छापचित्र केलं आणि खाली लिहून टाकलं की हा सयामचा वकील, पहिल्या चार्ल्स राजाच्या दरबारी आलेला. पेशवाईतल्या अर्थाने वकील, म्हणजे राजदूत. त्या लिहिण्याला आधार काय, हे कुणी विचारलं नाही. छापलेलं आहे म्हणजे खरं, ही समजूत त्या काळीही आजच्याइतकीच घट्ट होती. विसाव्या शतकात जाणकारांचं लक्ष चेहऱ्यावरून कपड्यांवर गेलं आणि तो अंगरखा कोरियातल्या अंगरख्यासारखा, ती टोपी तिथल्या घोड्याच्या केसांच्या टोपीसारखी, असं म्हणणं पुढे आलं. १९८३ साली लंडनच्या लिलावात लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने हे चित्र ३,२४,००० पौंडांना घेतलं. एका कागदाचे इतके पैसे, म्हणून बातमी जगभर गेली. कोरियात ती सगळ्यांत जास्त गाजली. युरोपातल्या एवढ्या मोठ्या चित्रकाराने काढलेला पहिला कोरियन माणूस, हा अभिमानाचा विषय झाला.

मग तो कोण, हा शोध सुरू झाला. उत्तर मिळालं ते फ्रान्चेस्को कार्लेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात. तिथून ही गोष्ट आपल्या किनाऱ्याला लागते. १५९२ ते १५९८ या काळात जपानने कोरियावर स्वाऱ्या केल्या. हजारो माणसं धरून नेली आणि नागासाकीच्या बाजारात विकली. १५९७च्या सुमारास कार्लेत्ती तिथे होता. भाव इतका पडला होता की त्याने पाच जण विकत घेतले, त्यांना बाप्तिस्मा दिला, बरोबर घेऊन गोव्याला आला आणि गोव्यात त्यांना मोकळं केलं. चौघांचं पुढे काय झालं, त्यांनी मांडवीच्या काठी कसे दिवस काढले, कुणाच्या घरी राबले, कुणाशी लग्नं केली, हे कार्लेत्ती सांगत नाही. त्याच्या लेखी विषय संपला होता. पाचवा, आंतोनियो, त्याच्याबरोबर पुढे इटलीला गेला आणि नंतर रोममध्ये राहिला. रुबेन्स त्या वर्षांत इटलीत होता. झालं, जोडी जुळली. चित्रातला माणूस आंतोनियोच, असं ठरलं. दक्षिण इटलीतल्या आल्बी गावात कोरेआ आडनावाची माणसं आहेत, ती त्याचेच वंशज, इथपर्यंत मजल गेली. मला या सगळ्याला हसू येत नाही. ज्या देशाची माणसं बाजारात विकली गेली, त्या देशाला त्यांच्यातला एक तरी चेहरा हवा असणार.

फक्त पुरावा नव्हता. २०१६ सालच्या एका डच वार्षिकात टायस वेस्टस्टाइन आणि लेनर्ट गेस्टरकॅम्प या दोन अभ्यासकांनी तिसरं नाव मांडलं, इप्पोंग. हा चिनी व्यापारी. जावा बेटावरच्या बांताम बंदरातून डच जहाजावर चढला आणि १६०१ साली झीलँड प्रांतातल्या मिडलबर्गला उतरला. बांताम म्हणजे मिऱ्याचं बंदर. तिथल्या चिनी व्यापाऱ्यांवाचून डचांचं पान हलत नव्हतं, कारण मिरी बागायतदारांकडून गोळा करून आणणारे तेच. अशा माणसाला घरी पाहुणा म्हणून नेणं हा व्यवहार होता. डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०२च्या मार्चमध्ये, म्हणजे इप्पोंग येऊन गेल्यावर. मिडलबर्गच्या एका रहिवाशाच्या मित्रवहीत, जिच्यात ओळखीपाळखीचे लोक सही-शुभेच्छा लिहीत तशा वहीत, इप्पोंगचं चित्र आहे आणि त्याच्या हातचं चिनी लिखाण आहे. अभ्यासकांनी तोंडावळा आणि पोशाख या चित्राशी ताडून पाहिला. मिंग काळातल्या चिनी माणसाच्या अंगावर असा अंगरखा आणि अशी टोपी असू शकते, असं त्यांचं म्हणणं. शिवाय ते अंधुक जहाज. राजाच्या वकिलाला किंवा गुलामाला चित्रकाराने मागे जहाज कशाला दिलं असतं? व्यापाऱ्याला मात्र ते शोभतं.

मला त्यांचं पटतं. पण इथे एक गंमत आहे आणि तिच्याचसाठी मी हे चित्र पहिलं ठेवा म्हणालो. इप्पोंग मिडलबर्गला होता तेव्हा रुबेन्स तिथे नव्हता. तो १६०० साली इटलीला गेला तो १६०८ साली परतला. म्हणजे या दोघांची भेट झालेली नाही. चित्र तर त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी काढलेलं. तो चेहरा, ते ओठ, ती पापणीवरची घडी, सगळं कुणा दुसऱ्याने केलेल्या चित्रावरून उतरवलेलं. १६१७च्या जानेवारीत निकोला त्रिगो हा चीनमधून परतलेला जेझुइट पाद्री अँटवर्पला आला होता. त्याला चिनी पंडिताच्या वेशात उभा करून रुबेन्सने त्याचं चित्र काढलं, ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पूर्वेचे कपडे प्रत्यक्ष बघायची संधी त्याला त्या वेळी मिळाली. चेहरा एका कागदावरून, अंगावरच्या घड्यांचं ज्ञान दुसरीकडून. हे वाचलं तेव्हा मी एकटाच बसून हसलो. सतराव्या शतकात कुणीतरी अँटवर्पच्या त्या कारखान्यात येऊन म्हणालं असणार, गुरुजी, अंगात कोट घाला.

रुबेन्सला हा माणूस हवा होता तो एका मोठ्या चित्रासाठी. अँटवर्पच्या जेझुइट चर्चची वेदी सजवायची होती आणि विषय होता फ्रान्सिस झेवियरचे चमत्कार. ते चित्र आज व्हिएन्नाला आहे. काळ्या झग्यातला झेवियर हात उंचावून उभा, मेलेला माणूस उठून बसतोय, वर देवळातली मूर्ती कोसळतेय, खाली पागोटेवाल्यांची गर्दी. त्या गर्दीच्या मधोमध आपला हा माणूस आहे, पिवळ्या अंगरख्यात, डोक्यावर तीच टोपी. मिऱ्याच्या सौद्यासाठी आलेला व्यापारी चमत्कार पाहून थक्क झालेला बाटगा होऊन बसला. मूर्ती कोसळतानाचं ते चित्र आपल्याकडच्या माणसाने शांतपणे बघणं कठीण आहे, हेही सांगून टाकतो. रंग आणि मांडणी थोर आहे. हेतू थोर नाही.

आणि ती गर्दी कुठली? रुबेन्सने आशियाचा किनारा कधी पाहिला नाही. पण झेवियरने पाहिला होता, तो आपलाच. १५४२च्या मे महिन्यात तो गोव्याला उतरला. १५५२ साली चीनच्या दाराशी एका बेटावर वारला. १५५४ साली त्याचं शव गोव्याला आणलं. 'गोंयचो सायब' म्हणून आजही लोक त्याला नवस बोलतात, त्यात हिंदूही असतात. आमच्या रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या कोटात त्याच्या नावाचं चॅपेल आहे. कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लई. तिथली ख्रिस्ती मंडळी अजून घरात जुन्या पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात, तिला 'नौ लिंग' म्हणजे आमची भाषा म्हणतात. चौलच्या उत्खननात चिनी भांड्यांची खापरं निघाली आहेत. आपण लोणच्याच्या बरणीला चिनी मातीची म्हणतो ते उगाच नाही. इप्पोंगसारखी माणसं या बाजूच्या बंदरांना परकी नव्हती. त्यांचं चित्र मात्र इथे कुणी काढून ठेवलं नाही. चित्र काढायला माणूस परका वाटावा लागतो की काय, कोण जाणे.

परकेपणाने चित्र काढणाऱ्यांत यान ह्यूगेन फान लिन्सखोटेन हा डच. १५८३ ते १५८८ गोव्याच्या आर्चबिशपकडे चिटणीस होता. १५९६ साली त्याचं पुस्तक निघालं. त्यात गोव्याचा बाजार आहे, पालख्या आहेत, वाणी आणि ब्राह्मण आहेत, चिनी माणसंही आहेत. सगळ्यांचे देह मात्र ग्रीक पुतळ्यांसारखे पिळदार, कारण पत्रे कोरणाऱ्या कारागिरांना तेवढंच शरीर येत होतं. त्याने जमवलेल्या माहितीच्या आधाराने डच जहाजं बांतामपर्यंत पोचली. इप्पोंगच्या प्रवासाचं मूळ असं गोव्यातल्या एका चिटणिसाच्या वहीत सापडतं.

लिन्सखोटेनसारखी माणसं सतराव्या शतकात खुद्द माणगाव तालुक्यातून गेली आहेत. १६७४च्या मे महिन्यात हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडाकडे निघाला, तो चौल, अष्टमी, निजामपूर या वाटेने. निजामपूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्याने रोजनिशी ठेवली. सिंहासनाच्या बाजूंना भाल्यांवर मोठ्या माशांची सोन्याची डोकी, घोड्यांच्या शेपट्या आणि सोन्याचा तराजू होता, हे आपल्याला त्याच्यामुळे कळलं. त्याच्याबरोबर एखादा खडू धरणारा हात असता तर! निजामपूरच्या माळावर मुक्काम पडला, तेव्हा ओझेवाल्यांची चार रेखाटनं तरी झाली असती. इंग्रजांनी त्या स्वारीत हिरा आणला, मोती आणले. चित्रकार आणला नाही.

शिवाजी महाराजांच्या चेहऱ्याचं जे झालं, ते इप्पोंगच्या गोष्टीला अगदी जवळ आहे. एके काळी महाराष्ट्रात घरोघर दुसऱ्याच एका सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून पूजलं जात होतं. छापलं होतं, खाली नाव होतं, हार घातला होता. वा. सी. बेंद्रे यांनी डच परंपरेतलं चित्र शोधून १९३०च्या दशकात लोकांपुढे आणलं, तेव्हा जुनं उतरलं. १६७७ साली महाराज गोवळकोंड्याला गेले होते. पुढच्या काही वर्षांत तिथले चित्रकार युरोपीय गिऱ्हाइकांसाठी राजेसरदारांच्या चित्रांचे संच करून विकत होते. त्यातला एक संच अ‍ॅमस्टरडॅमच्या निकोलास वित्सेनकडे गेला आणि आज राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यात महाराज आहेत. म्हणजे आपल्या राजाचा चेहरा डच संग्राहकाच्या कपाटात टिकला. मिडलबर्गच्या कुणाच्या वहीत इप्पोंगचा टिकला, तसाच.

पेशवाईच्या अखेरीला आलेल्या जेम्स वेल्सवर या संग्रहात पुढे सविस्तर मजकूर आहे, म्हणून मी थोडक्यात आवरतो. हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईला आला. पुण्याला सवाई माधवराव, नाना फडणवीस यांना समोर बसवून त्याने चित्रं केली आणि १७९५ साली साष्टीत वारला. नानांचं मूळ गाव वेळास, बाणकोटच्या खाडीपलीकडे. तो लांब चेहरा, खप्पड गाल, सावध डोळे आपण पाठ्यपुस्तकात पाहिले ते वेल्सच्या कृपेने. या चित्रांच्या नावांचा कधी घोळ झाला नाही, कारण वेल्स रोजच्या रोज कुणाची बैठक झाली ते लिहून ठेवी. शनिवारवाड्यात इंग्रज वकील मॅलेट याच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली. तिथला गंगाराम तांबट वेरूळची लेणी रेखाटण्याइतका तयार झाला. त्या गंगारामावर मराठीत स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं.

या संग्रहात चित्राखाली दिलेली नावं आज जी मानली जातात ती आहेत. जिथे वाद आहे तिथे तसं लिहिलं आहे. रुबेन्सच्या चित्राखाली संपादकांनी आधी 'कोरियन पोशाखातील पुरुष' एवढंच घातलं होतं, कारण गेटीत ते त्याच नावाने प्रसिद्ध झालं. मी हट्टाने त्यापुढे इप्पोंगचं नाव घालायला लावलं. उद्या आणखी कुणी चौथं नाव पुराव्यानिशी आणलं तर पुढच्या आवृत्तीत ते येईल.

वाचकांना एक विनंती. घरात भिंतीवर कुणा आजा-पणजाचं काळ्या पावडरीने केलेलं चित्र असेल तर ते एकदा खाली उतरवा. काच पुसा, मागचा पुठ्ठा सोडवा. कागदाच्या पाठीवर साध्या पेन्सिलीने माणसाचं नाव, गाव, गेल्याचं साल आणि ठाऊक असेल तर चित्र करणाऱ्याचं नाव लिहा. बॉलपेन वापरू नका, शाई कागदात उतरते. कोट माणगावच्या मास्तरांच्या मामाचा असला, तर तेही लिहा.

माणगाव, जिल्हा रायगड